हलक्या विमानाचे इंजिन ‘रफ’ चालते तेव्हा : दोष शोधण्याची क्रमवार पद्धत

एका प्रशिक्षण संस्थेत मी देखभालीचे काम करत होतो, तेव्हा तिथल्या एका सेस्ना १७२ विमानाच्या नोंदवहीत दोन आठवड्यांत तीन वेळा एकच स्नॅग (दोषाची तक्रार) लिहून आला : ‘इंजिन रफ’, म्हणजे इंजिन अडखळत, थरथरत चालते. तिन्ही वेळा आम्ही स्पार्क प्लग काढले, साफ करून परत बसवले, ग्राउंड रन घेतला (जमिनीवरच इंजिन चालवून पाहिले), इंजिन सुरळीत चालले आणि विमान उड्डाणासाठी मोकळे केले. चौथ्यांदा तोच स्नॅग आल्यावर नोंदींच्या वेळा पाहिल्या, तेव्हा लक्षात आले की चारही नोंदी दिवसाच्या पहिल्या उड्डाणाच्या होत्या आणि आमचे सगळे ग्राउंड रन मात्र दुपारी, इंजिन गरम असताना झालेले होते. प्लगमध्ये काहीच बिघाड नव्हता. दोष एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्ये (जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेत) होता आणि इंजिन तापले की तो दिसेनासा होत होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, तसे आमचे झाले होते.

त्या व्हॉल्व्हकडे पुढे येऊच. तेव्हापासून मी दोष शोधण्याचा क्रम पक्का केला, तोच इथे मांडतो आहे. इंजिन नेमके कधी रफ चालते हे आधी ठरवावे, मग कोणत्या सिलिंडरवर दोष आहे ते शोधावे आणि तो कशामुळे आहे हा प्रश्न त्यानंतरच घ्यावा. पाना हातात घेण्याची वेळ या क्रमात बरीच उशिरा येते.

उदाहरणासाठी मी सेस्ना १७२पी हे १९८१ ते १९८६ या काळात तयार झालेले विमान घेतो. त्याला लायकमिंगचे ओ-३२०-डी२जे हे चार सिलिंडरचे, १६० अश्वशक्तीचे, कार्ब्युरेटरवर चालणारे आणि दोन मॅग्नेटोंचे (प्रत्येक सिलिंडरच्या दोन प्लगांपैकी एकेकाला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या यंत्रांचे) इंजिन असते. बारामती किंवा धुळ्यासारख्या ठिकाणी प्रशिक्षण घेणाऱ्यांना १७२ जातीची विमाने परिचयाची असतात. इंजिन दुसरे असले तरी क्रम हाच राहतो, पण आकडे मात्र त्या विमानाच्या आणि इंजिनाच्या पुस्तिकेतलेच घ्यावेत. काउलिंग (इंजिनावरचे आवरण) उघडल्यानंतरचे काम बी१.२ (पिस्टन इंजिनाच्या विमानांच्या) परवानाधारक अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावे आणि त्याच्या सहीशिवाय विमान उडू नये.

हवेत असताना काय करावे

दोष शोधण्याआधी विमान सुरक्षित उतरले पाहिजे. इंजिन अडखळू लागले की पहिले काम म्हणजे विमानाचे नाक सांभाळणे. शक्ती बरीच गेली असेल तर १७२पी साठी ६५ नॉट हा ग्लाइडचा वेग धरावा, जवळच्या धावपट्टीकडे किंवा मोकळ्या जागेकडे वळावे आणि त्यानंतर हात कारणांकडे न्यावा.

कार्ब्युरेटरच्या इंजिनात सर्वांत आधी कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा नॉब) पूर्ण ओढावी. अर्धी ओढून चालत नाही, कारण अर्धवट गरम हवा कोरडा थंडपणा घालवून बर्फ साचायला योग्य असे तापमान तयार करू शकते. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात हवेचा दाब उतरतो आणि तिथेच पेट्रोलची वाफ होते, म्हणून आतले तापमान बाहेरच्यापेक्षा ३३ ते ३९ अंश सेल्सियसने खाली जाऊ शकते. अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था एफएए हिच्या मार्गदर्शनानुसार २१ अंशांखाली तापमान आणि ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता असताना हा धोका सर्वाधिक असतो, परंतु ३८ अंशांपर्यंतच्या उष्ण हवेत आणि ५० टक्के आर्द्रतेतही बर्फ धरू शकतो. आपल्याकडे बर्फ म्हटले की हिमालय आठवतो आणि इथेच घात होतो. पावसाळ्यात जुहू किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर २७ अंश तापमान आणि ८५-९० टक्के आर्द्रता असताना थ्रॉटल कमी करून उतरणारे विमान या धोक्याच्या पट्ट्यात पुरेपूर असते.

स्थिर पात्यांच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) विमानात पहिली खूण म्हणजे थ्रॉटलला हात न लावता आरपीएम हळूहळू उतरणे. रफपणा त्यानंतर येतो. कार्ब हीट ओढल्यावर आरपीएम आणखी पडतो, कारण गरम हवा विरळ असते आणि मिश्रण घट्ट (रिच, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त) होते. बर्फ वितळू लागला की ते पाणी इंजिनात जाते आणि काही क्षण इंजिन आधीपेक्षाही वाईट अडखळते. त्यानंतरच आरपीएम वर चढतो. घाबरून याच क्षणी कार्ब हीट बंद करणे ही मला माहीत असलेली सर्वांत घातक चूक आहे. इंजिन गडबडले म्हणजे इलाज लागू पडतो आहे, असे समजून नॉब तसाच ओढलेला ठेवावा.

कार्ब हीटने फरक पडला नाही, तर इंधन निवडक ‘बोथ’वर (दोन्ही टाक्यांवर) आहे ना, प्रायमर (इंजिन सुरू करताना जादा इंधन देणारा हातपंप) आत जाऊन फिरवून बंद झालेला आहे ना आणि मिक्श्चर (हवा-इंधनाचे प्रमाण ठरवणारा नॉब) उंचीला साजेसे आहे ना, हे पाहावे. ऑइलच्या दाबावर आणि तापमानावर एक नजर टाकावी. दाब खाली आणि तापमान वर असेल तर पुढचे प्रयोग सोडून लगेच उतरावे. सगळ्यात शेवटी मॅग्नेटो. थ्रॉटल थोडा मागे घेऊन किल्ली ‘बोथ’वरून (दोन्ही मॅग्नेटो) एकदा ‘एल’वर (फक्त डावा) आणि मग ‘आर’वर (फक्त उजवा) न्यावी. एका बाजूवर इंजिन सुधारले, तर त्याच बाजूवर जवळच्या विमानतळापर्यंत जाता येते. थ्रॉटल मागे घेण्याचे कारण असे की एखादी बाजू पूर्ण मेलेली असेल, तर किल्ली तिच्यावर जाताच इंजिन बंद पडते, न जळलेले मिश्रण एक्झॉस्टमध्ये साठते आणि ‘बोथ’वर परतताना मोठा धमाका होऊन मफलर फाटू शकतो.

वैमानिकाला विचारायचे प्रश्न

‘इंजिन रफ’ या दोन शब्दांवर कुणीही काम सुरू करू नये. वैमानिक विमानातून उतरला की त्याच्याशी पाच मिनिटे बोलावे, कारण संध्याकाळपर्यंत तपशील विसरले जातात. रफपणा थंड इंजिनावर होता की गरम? आयडलवर (थ्रॉटल पूर्ण मागे असताना), चढताना, क्रूझमध्ये (समतल उड्डाणात) की उतरताना? तालात होता, म्हणजे एकच सिलिंडर ठराविक अंतराने चुकल्यासारखा, की वेडावाकडा? आरपीएमचा काटा पडला होता, की काटा जागच्या जागी राहून केवळ अंग थरथरत होते? कार्ब हीट, मिक्श्चर आणि किल्ली यांपैकी कशाने फरक पडला? त्या दिवशी इंधन कुठे भरले होते, आदल्या रात्री पाऊस झाला होता का आणि विमान किती दिवस उभे होते?

या उत्तरांतच अर्धे निदान होते. केवळ आयडलवर रफ आणि शक्ती वाढवताच सुरळीत असेल, तर संशय इंडक्शनच्या (सिलिंडरकडे हवा-मिश्रण नेणाऱ्या नळ्यांच्या) गळतीवर, आयडल मिक्श्चरवर किंवा गळणाऱ्या प्रायमरवर जातो. केवळ पूर्ण शक्तीवर रफ असेल, तर प्रज्वलन किंवा इंधनपुरवठा पाहावा. पहिल्या उड्डाणातच रफ आणि नंतर ठीक असेल, तर व्हॉल्व्ह. काटा स्थिर आणि थरथर मात्र कायम असेल, तर दोष बहुधा इंजिनाच्या आत नसून पंख्यात किंवा माउंटमध्ये (इंजिन धरून ठेवणाऱ्या आधारात) असतो.

मॅग तपासणी नीट वाचणे

रन-अपच्या (उड्डाणाआधी इंजिन चालवून पाहण्याच्या) वेळची मॅग तपासणी, म्हणजे एकेका मॅग्नेटोवर इंजिन चालवून आरपीएमची घट पाहणे, सगळे करतात, पण तिच्यातून मिळणारी सगळी माहिती थोडेच जण घेतात. १७२पी मध्ये ती १७०० आरपीएमवर होते. कोणत्याही एका मॅग्नेटोवर घट १२५ आरपीएमपेक्षा जास्त नसावी आणि दोन घटींमधला फरक ५० च्या आत असावा. किल्ली ‘एल’वर असते तेव्हा डावा मॅग्नेटो चालू असतो आणि उजवा बंद केलेला असतो. हे साधे वाटते, पण ‘एल’वर घट आली म्हणून उजवा मॅग्नेटो खोललेला मी पाहिला आहे.

घट किती आली याइतकीच ती कशी आली हेही महत्त्वाचे आहे. किल्ली फिरवताच काटा झटक्यात पडला आणि इंजिन अडखळू लागले, तर एखादा प्लग किंवा त्याची लीड (प्लगला वीज नेणारी तार) काम करत नाही. काटा सावकाश, अडखळल्याशिवाय, पण मर्यादेपेक्षा खाली गेला, तर मॅग्नेटोचे टायमिंग सरकले असण्याची किंवा मिश्रण घट्ट असण्याची शक्यता धरावी. दोन्ही बाजूंवर सारखीच मोठी आणि सुरळीत घट येत असेल, तर मिक्श्चर थोडे मागे ओढून तपासणी पुन्हा करावी. घट मर्यादेत आली, तर मॅग्नेटो निर्दोष आहेत. देशावरच्या उन्हाळ्यात हे हमखास घडते, कारण २,००० फूट उंचीच्या धावपट्टीवर ४० अंश तापमान असेल तर हवेच्या घनतेच्या हिशोबाने इंजिनाला ती उंची साधारण ५,५०० फुटांसारखी भासते आणि पूर्ण रिच मिश्रण तिथे फारच घट्ट ठरते.

घट अजिबातच न येणे हे चांगले लक्षण मानू नये. मॅग्नेटोला बंद करणारी पी-लीड तुटली, की तो किल्लीने बंदच होत नाही आणि म्हणून घट दिसत नाही. असे विमान किल्ली ‘ऑफ’ असतानाही हाताने पंखा फिरवल्यावर सुरू होऊ शकते. घट शून्य आली तर विमान थांबवावे, पंख्यावर धोक्याची पाटी अडकवावी आणि पी-लीड दुरुस्त होईपर्यंत कुणालाही पंख्याजवळ जाऊ देऊ नये.

झटक्यात पडणारी घट बऱ्याचदा खालच्या प्लगमध्ये साचलेल्या शिशामुळे येते. अ‍ॅव्हगॅस १००एलएल या इंधनाच्या नावात ‘लो लेड’ असले, तरी त्यात लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असते आणि प्लग थंड राहिला की ते त्याच्यावर बसते. जमिनीवर हे जाळून काढण्याचा एक प्रयत्न करता येतो. चाकांना ठोकळे लावून, ब्रेक धरून, विमान वाऱ्याकडे तोंड करून उभे असताना सुमारे २००० आरपीएमवर मिक्श्चर मागे ओढत न्यावे, आरपीएम कमाल होऊन किंचित उतरेपर्यंत, आणि तापमानांवर नजर ठेवून मिनिटभर तसेच चालवावे. मग मिक्श्चर पुढे करून मॅग तपासणी पुन्हा करावी. दोन प्रयत्नांत घट मर्यादेत आली नाही, तर विमान परत आणावे. ‘वर गेल्यावर साफ होईल’ असे म्हणत कुणीही उड्डाण करू नये.

थंड सिलिंडर शोधणे

मॅग तपासणीने बाजू कळते. आता सिलिंडर शोधायचा. माझ्या अनुभवात याइतकी स्वस्त आणि याइतकी खात्रीची दुसरी चाचणी नाही. इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करावे, लगेच किल्ली संशयित मॅग्नेटोवर न्यावी आणि साधारण १००० ते १२०० आरपीएमवर अर्धा ते एक मिनिट चालवावे. बंद करताना किल्ली ‘बोथ’वर आणू नये, त्याच मॅग्नेटोवर ठेवून मिक्श्चर ओढून इंजिन थांबवावे. मग किल्ली काढून खिशात ठेवावी, पंखा जिवंत आहे असेच समजून त्याच्या कक्षेबाहेरून काउलिंग उघडावे आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही एक्झॉस्ट नळ्यांचे तापमान सिलिंडरजवळ, सगळीकडे सारख्याच अंतरावर मोजावे. थर्मामीटर नसेल तर नळ्यांवर पाण्याचे थेंब टाकावेत. तीन नळ्यांवर ते चुर्र होऊन उडतील आणि चौथीवरून नुसते ओघळतील. ती चौथी नळी ज्या सिलिंडरची, तो पेटत नाही.

लायकमिंगमध्ये वैमानिकाच्या आसनावरून पाहताना उजवीकडचा पुढचा सिलिंडर १, डावीकडचा पुढचा २, उजवीकडचा मागचा ३ आणि डावीकडचा मागचा ४ असतो, आणि ठिणगीचा क्रम १-३-२-४ असा असतो. कोणता मॅग्नेटो वरच्या आणि कोणता खालच्या प्लगला जातो, हे त्या इंजिनाच्या वायरिंग आकृतीवरूनच पाहावे. अंदाज बांधू नये.

आता निर्णायक पाऊल. तीच चाचणी इंजिन पुन्हा थंड झाल्यावर दुसऱ्या मॅग्नेटोवर करावी. थंड सिलिंडर एकाच मॅग्नेटोवर दिसत असेल, तर दोष प्रज्वलनात आहे. तोच सिलिंडर दोन्ही मॅग्नेटोंवर थंड असेल, तर त्याचे दोन्ही प्लग एकाच वेळी बिघडले असण्यापेक्षा त्या सिलिंडरला हवा, इंधन किंवा कॉम्प्रेशन मिळत नसण्याची शक्यता कितीतरी जास्त असते आणि तिथे प्लग बदलण्यात वेळ घालवू नये. आमच्या त्या सेस्नावर ही चाचणी पहाटे केली असती, तर पहिल्याच दिवशी दोष सापडला असता.

ज्या विमानात प्रत्येक सिलिंडरचे ईजीटी (एक्झॉस्ट वायूचे तापमान) आणि सीएचटी (सिलिंडर हेडचे तापमान) दिसते, तिथे हीच माहिती पडद्यावर मिळते. एका मॅग्नेटोवर गेल्यावर चारही ईजीटी वाढायला हवेत. ज्याचा ईजीटी कोसळतो त्याचा त्या बाजूचा प्लग पेटत नाही. हवेत दोन्ही मॅग्नेटो चालू असताना एखादा प्लग निकामी झाला, तर त्या सिलिंडरचा ईजीटी वाढतो आणि सीएचटी थोडा उतरतो. सीएचटी मात्र झपाट्याने चढू लागला, तर ते प्री-इग्निशनचे (ठिणगीआधीच मिश्रण पेटण्याचे) लक्षण धरून शक्ती ताबडतोब कमी करावी आणि मिश्रण रिच करावे. असा सिलिंडर मिनिटांत नष्ट होऊ शकतो.

प्लग, लीड, मॅग्नेटो

प्लग काढताना प्रत्येकाची जागा खुणेच्या खोक्यात राखावी, कारण आठही प्लग एका डब्यात टाकले की त्यांनी सांगायची गोष्ट तिथेच पुसली जाते. निरोगी प्लग कोरडा आणि फिकट तपकिरी-करडा असतो. काळी मऊ काजळी म्हणजे घट्ट मिश्रण किंवा फार वेळ आयडल. खालचा प्लग किंचित तेलकट असणे चालते, पण वरचाही तेलाने भिजलेला असेल तर रिंगांची चौकशी करावी. शिसे साचलेल्या प्लगमध्ये भिंगातून पाहिले, तर आतल्या खोबणीत राखाडी, कडक मण्यांचे दाणे दिसतात. नखाने ते निघत नाहीत, टोकदार हत्याराने टोचल्यावर खडीसारखे सुटून येतात. पोर्सेलिनला तडा गेलेला प्लग टाकून द्यावा आणि त्या सिलिंडरमध्ये बोअरस्कोपने (आत घालायच्या बारीक दुर्बिणीने) पाहूनच पुढे जावे.

जाड इलेक्ट्रोडच्या प्लगची फट ०.०१६ ते ०.०२१ इंच ठेवावी. फट कमी करता येते; वाढवायच्या नादात इलेक्ट्रोड उलटा वाकवू नये, कारण त्याने पोर्सेलिन फुटते. आतल्या रेझिस्टरचा रोध मल्टिमीटरने मोजावा आणि तो ५,००० ओहमपेक्षा जास्त असेल तर प्लग बदलावा, मग तो दिसायला कितीही स्वच्छ असो. हातातून जमिनीवर पडलेला प्लग परत बसवू नये. आतला तडा बाहेरून दिसत नाही. बसवताना नवी तांब्याची वॉशर वापरावी, अँटी-सीझ अगदी थोडे आणि टोकाकडचा पहिला आटा सोडून लावावे, आणि लायकमिंगसाठी ३५ फूट-पाउंड टॉर्क द्यावा.

संशयित प्लग दुसऱ्या सिलिंडरवरच्या प्लगशी अदलाबदल करून थंड सिलिंडरची चाचणी पुन्हा घ्यावी. दोष प्लगबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला, तर प्लग दोषी. जिथल्या तिथे राहिला, तर लीड तपासावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्लग, लीड आणि मॅग्नेटो एकदम बदलले तर इंजिन सुधारेलही, पण दोष कशात होता हे कुणालाच कळणार नाही आणि तो भाग ‘चालू स्थितीत’ म्हणून कपाटात जाऊन उद्या दुसऱ्या विमानावर बसेल.

लीड बहुधा बॅफलच्या (थंड हवेला दिशा देणाऱ्या पत्र्याच्या) छिद्रातून जाते तिथे किंवा एक्झॉस्टच्या जवळ घासून खराब होते. तिची खात्री हाय-टेन्शन टेस्टरवर करावी आणि प्लगच्या आत जाणारे स्प्रिंगचे टोक उघड्या बोटांनी हाताळू नये, कारण घामाचा ओलावा ठिणगीला पळवाट देतो. मॅग्नेटोचे टायमिंग पाहताना आकडा इंजिनाच्या डेटा प्लेटवरूनच घ्यावा. या इंजिनाला तो सामान्यतः टॉप डेड सेंटरच्या आधी २५ अंश असतो, पण काही इंजिनांचा बदललेला आहे. मॅग्नेटोची अंतर्गत तपासणी ५०० तासांना होते. ती लांबलेली असेल, तर टायमिंग जुळवून समाधान मानू नये.

इंधन आणि हवा

प्रज्वलन निर्दोष ठरले, तर पहिली तपासणी सर्वांत साधी : प्रत्येक ड्रेनमधून पारदर्शक पेल्यात इंधन काढून प्रकाशासमोर धरावे. अ‍ॅव्हगॅस निळे असते आणि पाणी त्याच्या तळाशी वेगळ्या थेंबासारखे बसते. पेल्यात सगळेच पाणी आले तर एकजिनसी द्रव पाहून फसायला होते, म्हणून रंग आणि वास दोन्ही पाहावे. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या विमानाच्या टाकीच्या झाकणाची रबरी सील कडक झाली असेल, तर पाणी तिथूनच शिरते. हे इंधन २०२२ पासून इंडियन ऑइल बडोद्याजवळच्या गुजरात रिफायनरीत तयार करू लागले आहे. त्याआधी ते परदेशातून येत असे. अजूनही ते मोजक्याच ठिकाणी मिळते, त्यामुळे पिंपांतून भरणे होते आणि पिंपातला गंज आणि पाणी टाकीत येते. शामवा (मऊ) चामड्याची गाळणी किंवा पाणी रोखणारी योग्य गाळणी नेहमी वापरावी.

त्यानंतर व्हेंट, म्हणजे टाकीत हवा येऊ देणारी नळी. डाव्या पंखाखाली स्ट्रटच्या (पंखाला आधार देणाऱ्या दांड्याच्या) मागे असलेल्या त्या बोटभर नळीत कुंभारमाशी एका दिवसात मातीचे घर बांधते. व्हेंट बंद असेल आणि झाकणातली व्हॉल्व्हही अडकलेली असेल, तर टाकीत निर्वात तयार होते आणि इंजिन अर्ध्या-पाऊण तासाने उपाशी मरू लागते. उतरल्यावर झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा सुस्कारा ऐकू आला, तर कारण सापडले.

कार्ब हीट जमिनीवरही तपासावी. ओढल्यावर आरपीएम थोडा पडला पाहिजे. पडलाच नाही, तर केबल सुटली आहे किंवा आतली झडप हलत नाही. ही हवा गाळून येत नाही, म्हणून धुळीच्या पट्टीवर ती थोडाच वेळ ओढावी. हवेचा फिल्टर आणि कार्ब्युरेटरकडे जाणारी लवचिक नळी आतून दुमडलेली नाही ना, हे हात घालून पाहावे.

आयडलवरच्या रफपणासाठी मिक्श्चर सावकाश ‘कट-ऑफ’कडे ओढून पाहावे. इंजिन बंद पडण्याआधी आरपीएम थोडासा, म्हणजे पन्नासच्या आत वाढला पाहिजे. त्याहून जास्त वाढत असेल तर आयडल मिक्श्चर फार घट्ट आहे. अजिबातच वाढत नसेल तर ते विरळ आहे किंवा कुठून तरी जास्तीची हवा शिरते आहे. इंडक्शनची गळती आयडलवर त्रास देते, कारण तेव्हा नळ्यांमधला दाब बाहेरच्यापेक्षा खूप कमी असतो. थ्रॉटल उघडला की हा फरक मिटत जातो आणि लक्षणही मिटते. इनटेक नळीच्या रबरी जोडावर किंवा सिलिंडरकडच्या गॅस्केटवर इंधनाच्या रंगाचा निळा डाग दिसला, तर जागा सापडली. डाग नसेल, तर इंजिन बंद ठेवून इनटेकमध्ये हलक्या दाबाने हवा सोडावी आणि जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत.

इंधन-इंजेक्शनच्या इंजिनात, उदाहरणार्थ १७२एस मध्ये, एखाद्या सिलिंडरचा नॉझल कचऱ्याने अडला तर तो एकच सिलिंडर विरळ होतो. गंमत नव्हे, घातक बाब अशी की दाबावरून प्रवाह दाखवणाऱ्या मीटरवर तेव्हा इंधन जास्त जात असल्याचे दिसते. नॉझल काढून, चारही नळ्या सारख्या बाटल्यांत सोडून, बूस्ट पंप चालवून बाटल्या सारख्या भरतात का ते पाहावे. आगीची पूर्ण खबरदारी घेऊनच. अडलेला नॉझल द्रावणात भिजवून हवेने फुंकावा. त्यात तार घालू नये, छिद्राचे माप बिघडते.

व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेशन

आता त्या पहिल्या उड्डाणातल्या रफपणाकडे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी ज्या गाइडमध्ये सरकते, तिथे जळलेल्या तेलाचा कार्बन आणि शिशाचे क्षार साचतात. इंजिन थंड असताना जागा इतकी तंग होते की व्हॉल्व्ह उघडल्यावर वेळेत मिटत नाही, आणि सिलिंडर चुकतो. दोन-चार मिनिटांत धातू तापून मोकळीक मिळते आणि सगळे सुरळीत होते. परदेशी मेकॅनिक याला ‘सकाळची मळमळ’ अशा अर्थाचे नाव देतात. आपोआप बरे होते म्हणून याकडे दुर्लक्ष करणे फार महागात पडते, कारण तोच व्हॉल्व्ह एके दिवशी उघडाच किंवा मिटलेलाच अडकतो, पुशरॉड वाकतो आणि नेमके टेक-ऑफमध्ये एक सिलिंडर जातो.

लायकमिंगचे सर्व्हिस बुलेटिन ३८८सी विमानांसाठी दर ४०० तासांनी, किंवा व्हॉल्व्ह अडकल्याचा संशय येताच त्याआधी, गाइडची मोकळीक मोजायला सांगते. आमच्या विमानावर ती मोजली तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताने हलवतानाच जड लागत होता. सिलिंडर न काढता प्लगच्या छिद्रातून नायलॉनची दोरी आत भरून काम करता येते, गाइड रीमरने साफ करता येतो. पण हे काम आधी केलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे. असे पुन्हा होऊ नये म्हणून तेल फिल्टर असलेल्या इंजिनात ५० तासांनी आणि फक्त जाळी असलेल्या इंजिनात २५ तासांनी बदलावे, तास भरले नाहीत तरी चार महिन्यांच्या पुढे नेऊ नये, आणि जमिनीवर टॅक्सी करताना मिक्श्चर इतके विरळ ठेवावे की थ्रॉटल उघडताच इंजिन अडखळेल. असे केल्याने विरळ मिश्रणावर चुकून टेक-ऑफही होत नाही.

दोन्ही मॅग्नेटोंवर थंड राहणाऱ्या सिलिंडरची कॉम्प्रेशन चाचणी करावी. इंजिन गरम असताना ८० पीएसआय हवा देऊन सिलिंडर किती धरतो ते पाहतात. ६० किंवा त्याखाली आकडा आला, तर दुरुस्तीचा निर्णय घ्यावा लागतो. आकड्याबरोबर कान वापरावा : एक्झॉस्टच्या नळीतून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, तेल भरण्याच्या नळीतून आली तर रिंग. या चाचणीत पंखा पूर्ण ताकदीने फिरू शकतो, म्हणून एकाने पंखा धरावा, दुसऱ्याने हवा सावकाश सोडावी आणि दोघांनीही त्याच्या फिरण्याच्या रेषेत शरीर आणू नये.

इंजिन निर्दोष असताना येणारी थरथर

किल्ली, मिक्श्चर आणि कार्ब हीट यांपैकी कशानेही फरक पडत नसेल आणि थरथर केवळ आरपीएमबरोबर कमी-जास्त होत असेल, तर पंख्याच्या पात्यावरच्या खाचा, पंख्याचे बोल्ट, स्पिनरच्या (पंख्यापुढच्या टोपीच्या) प्लेटला गेलेला तडा आणि इंजिनाचे रबरी माउंट पाहावेत. रबर बसले की इंजिन नाकाकडे झुकते आणि स्पिनर व काउलिंगमधली फट वर जास्त, खाली कमी दिसते. एक्झॉस्टची नळी काउलिंगला टेकून तिथे चकचकीत घासलेली खूण उमटली असेल, तर थरथरीचे कारण तेच असू शकते.

दुरुस्तीनंतर

काउलिंग बंद करण्याआधी हत्यारे मोजून आत एकही राहिलेले नाही ना, ते पाहावे. ग्राउंड रन ज्या परिस्थितीत स्नॅग आला होता त्याच परिस्थितीत घ्यावा : थंड इंजिनाचा दोष असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे, पूर्ण शक्तीवरचा असेल तर पूर्ण शक्तीवर. पहिले उड्डाण विद्यार्थ्याला देऊ नये, अनुभवी वैमानिकाने धावपट्टीच्या ग्लाइडमध्ये राहून ते करावे. नोंदवहीत ‘इंजिन तपासले, ठीक’ असे न लिहिता कोणत्या मॅग्नेटोवर किती घट होती, कोणता सिलिंडर थंड होता, कोणता प्लग कुठून कुठे हलवला आणि गाइडची मोकळीक किती भरली, हे आकड्यांसह लिहावे. पुढच्या वेळी तेच विमान दुसऱ्या कुणाच्या हातात असेल आणि त्याला याच ओळींवरून पुढची पायरी ठरवायची असेल.